खाणीकडच्या पिवळ्या खुणा

१

उद्यान अधिकारी खाणीच्या तळाशी पालथे पडलेले सापडले, तेव्हा त्यांच्या पायात ऑफिसात घालायचे चामडी बूट होते. वर, कड्याच्या अगदी टोकाला, एका दगडावर पिवळा पट्टा रंगवलेला होता. रंग ताजा होता.

शहर या टेकडीला तिन्ही बाजूंनी चिकटून वाढलेलं. घरं जिथे संपतात तिथे पायवाटा सुरू होतात, आणि रविवारी अर्धं शहर त्या वाटांवर असतं. वाटांची निगा हौशी लोकांचं एक मंडळ राखतं. त्यांची रीत साधी आहे. पिवळा पट्टा दिसतोय तोवर चालत राहायचं, दिसेनासा झाला की मागे फिरायचं. तेवढ्या भरवशावर लोक म्हाताऱ्यांना आणि लहान मुलांना घेऊन वर जातात. या वर्षी पट्टे नव्याने रंगवायचं काम एका मुलीने अंगावर घेतलं होतं, आणि अधिकारी सापडल्याच्या दिवशी दुपारपर्यंत ओळखीचे-अनोळखी सगळे तिच्या नावाने बोटं मोडत होते.

मुलगी चष्म्याच्या दुकानात कामाला होती आणि मावशीकडे राहायची. मावशीची हयात विमा कंपनीत अपघातांची चौकशी करण्यात गेली होती, त्यामुळे तिचा कोणावरही विश्वास नव्हता. दूधवाल्याने बेल वाजवली तरी ती आधी त्याच्या चपलांकडे बघायची. निवृत्त झाल्यावर संशय घ्यायला गिऱ्हाईक उरलं नाही, म्हणून ती शेजाऱ्यांवर भागवत होती. आता प्रकरण थेट घरात आलं होतं.

पोलिस येऊन गेले. बोलताना त्यांनी ‘नजरचूक’ हा सभ्य शब्द वापरला, पण निष्काळजीपणाने माणूस मेला तर काय होतं हे मावशीला सांगायची गरज नव्हती. भाचीने तेव्हापासून अन्नाला हात लावला नव्हता. गॅलरीत बादलीत भिजत घातलेली तिची जीन्स तशीच पडून होती, गुडघ्यांवर पिवळे डाग घेऊन.

मावशीने तिला सरळ विचारलं, की खाणीकडच्या फाट्यावर पट्टे तूच रंगवलेस का. भाची भिंतीकडे बघत बोलली.

“आधी वाटत होतं, मी तिकडे गेलेच नाही. पट्टे काढले त्या दिवशी धुकं होतं, अंगात कणकण होती. पण सगळे म्हणतायत. आणि आता मला आठवायला लागलंय, मावशी. तो मोठा दगड, त्याच्यावर ब्रश टेकवतेय मी. स्पष्ट दिसतंय.”

मावशीने चष्मा काढून पदराला पुसला. दहा जणांनी एकच गोष्ट सांगितली की माणसाला न केलेलंही आठवायला लागतं, हे तिने नोकरीत कितीदा तरी पाहिलं होतं. आणि खरोखर केलेली माणसंही अगदी याच आवाजात बोलतात, हेही पाहिलं होतं.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी टेकडी चढली. गुडघे कुरकुरत होते, पण संशय तिला इंधनासारखा पुरायचा.

फाटा विरळ झाडीत होता. डावीकडची वाट माथ्यावर जायची, उजवीकडची खाणीकडे. डाव्या वाटेवरचे पट्टे भाचीचे होते. कडा नीट कापल्यासारख्या, सगळे सारख्या उंचीवर. उजवीकडचेही थेट तसेच होते. एकाच डब्यातला रंग, एकाच रुंदीचा ब्रश. मावशीचं मन खट्टू झालं. कुठेतरी रंग ओघळलेला, हात थरथरलेला दिसेल अशी तिला आशा होती. पण ज्याने कोणी हे केलं त्याचा हात या कामात मुरलेला होता, आणि असे हात मंडळात फार नव्हते.

खाणीची वाट बंद असते, एवढं भाचीने तिला पूर्वी बोलता बोलता सांगितलं होतं. जिथे जायचं नाही त्या वाटेच्या तोंडाशी वाळकी फांदी आडवी टाकायची, ही मंडळाची खूण. पोराटोरांनाही ती कळते. मावशी फांदी शोधत राहिली. ती वाटेवर नव्हतीच. उतारावर बरीच खाली झुडपात पडली होती, कोणीतरी उचलून भिरकावल्यासारखी.

अधिकारी शनिवारी संध्याकाळी पडले असावेत, असं पोलिसांचं म्हणणं होतं. त्यांची गाडी पायथ्याशी उभी होती आणि घरी त्यांची वाट बघणारं कोणी नव्हतं, म्हणून रविवारपर्यंत कोणाला पत्ता लागला नाही. सगळं जुळत होतं. भाचीने चुकून फांदी फेकली, चुकून पट्टे काढले, आणि साहेब पट्ट्यांमागून चालत जाऊन पडले.

मावशी परत फिरणार, तेवढ्यात तिचं लक्ष वाटेच्या कडेला गेलं. नारळाएवढे काही दगड गवतात विखुरले होते. त्यांची वरची बाजू काळसर होती आणि मातीने माखलेली होती. उन्हात पडलेला दगड वरून फिकट असतो, मातीत रुतलेली बाजूच अशी असते. म्हणजे हे दगड जमिनीतून उचकटून कोणीतरी इथे आणले होते, आणि तेही एवढ्यातच.

३

मंडळाच्या खोलीच्या किल्ल्या तिघांकडे होत्या, आणि रंगाचा डबा त्या खोलीत असायचा. मावशीने तिघांनाही गाठायचं ठरवलं.

पहिल्या बूटवाल्या बाई. चढाईचे बूट आणि पाठीवरच्या पिशव्या विकणारं त्यांचं दुकान मंडळाला दरवर्षी रंग पुरवायचं, म्हणून त्या मंडळात होत्या. एरवी टेकडीशी त्यांचा संबंध पायथ्यापर्यंतच. अधिकारी साहेब टेकडीवरून माथ्यापर्यंत डांबरी रस्ता नेणार होते, वर उपाहारगृह आणि गाड्या लावायला जागा. बाईंना पायथ्याची जागा दुकानासाठी हवी होती. शनिवारी दुपारी त्या साहेबांशी तिथेच तावातावाने बोलताना दोघा-तिघांना दिसल्या होत्या. मावशीने हे काढताच बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. साहेबांनी आधी हो म्हटलं होतं आणि शनिवारी शब्द फिरवला, एवढं त्यांनी कबूल केलं. मात्र त्या तिथूनच परतल्या, असं त्यांचं म्हणणं. एका ग्राहकाच्या पायात बूट चढवता चढवता त्यांनी विचारलं, की ज्या रस्त्यावर माझं दुकान उभं राहायचं, तो आणणाऱ्यालाच मी कशाला ढकलेन. ढकललं असं मावशी एका शब्दानेही म्हणाली नव्हती, आणि तिने ते मनात टिपून ठेवलं.

दुसरे भूगोलवाले सर, मंडळाचे चिटणीस. शाळेच्या प्रयोगशाळेत ते खडकांचे तुकडे कपाटात लावत बसले होते. फांदी टाकायचा नियम त्यांनीच काही वर्षांपूर्वी आणला होता आणि भाचीला तो घोकून घ्यायला लावला होता. रस्त्याला त्यांचा कडाडून विरोध. भर सभेत ते म्हणाले होते, की या साहेबाला एकदा खाणीच्या टोकावर उभं करून खाली बघायला लावलं पाहिजे. त्या वाक्याची आठवण करून देताच सरांची पाचावर धारण बसली. बोलण्याच्या भरात म्हणालो, ते सांगत राहिले. शनिवारी कुठे होतात या प्रश्नावर त्यांनी आधी घरी सांगितलं, मग बाजारात, मग पुन्हा घरी.

“तुमच्या भाचीला मी ओळखतो,” दारापर्यंत सोडायला येताना सर अचानक म्हणाले. “ती एक वेळ पट्टा काढायचा विसरेल. खाणीकडे काढणार नाही. पण हे मी पोलिसांना सांगितलं, तर ते विचारतील, मग कोणी काढला.”

४

तिसरे दातवाले डॉक्टर, मंडळाचे संस्थापक आणि अध्यक्ष. खुणा रंगवायला भाचीला त्यांनीच हाताला धरून शिकवलं होतं. भाची त्यांना काका म्हणायची.

दवाखाना घरातच होता. अंगणात एका बाजूला ओलं सिमेंट घातलेलं होतं. त्यावर कोणी पाय देऊ नये म्हणून पुढे दगडांची ओळ मांडली होती, एकाला एक भिडवून, कवळीतल्या दातांसारखी. मावशी वळसा घालून गेली. आत एक बाई गाल धरून बसल्या होत्या. डॉक्टरांनी त्यांना वाट बघायला सांगून मावशीला आतल्या खोलीत नेलं आणि स्वतः चहा केला.

त्यांच्याइतकं प्रेमाने कोणी बोललं नव्हतं. त्यांना पोरीचं फार वाईट वाटत होतं, बोलताना त्यांचे डोळे भरले. रस्त्याबद्दल मात्र ते हसले. म्हातारा झालो, रस्ता झाला तर गाडीतून माथ्यावर जाईन, म्हणाले. शनिवारी दिवसभर दवाखान्यातच होतो, असंही न विचारता सांगून टाकलं.

“ताई, तिला म्हणावं, चूक कबूल करून टाक. तरुण आहे, धुकं होतं, कोर्ट समजून घेईल. मी स्वतः तिच्या बाजूने उभा राहीन. अडून बसली तर उलट लांबेल.”

मावशी उठली. एवढ्या चांगल्या माणसाचा संशय घ्यायचा म्हणजे आपलंच काहीतरी बिघडलंय, असं तिला क्षणभर वाटलं. घरी येऊन पाहते तर भाची कपडे करून तयार होती. डॉक्टरकाकांचा फोन आला होता आणि ती कबुली द्यायला पोलिस चौकीत निघाली होती.

५

मावशीने तिला हात धरून खाली बसवलं. आजचा एक दिवस दे, म्हणाली. भाचीने मान हलवली, पण तिच्या नजरेत काही उरलं नव्हतं. तेव्हा मावशीला भीती वाटली. शिक्षेची नव्हे. ही पोर जन्मभर आपण माणूस मारला असं समजून जगेल, याची.

एकच माणूस विचारायचा राहिला होता. प्रेत ज्यांना पहिल्यांदा दिसलं त्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाच्या मालकीण. रोज उजाडताना त्या कुत्र्याला टेकडीवर नेत. त्या बोलक्या होत्या, पण पोलिसांनी त्यांना फक्त प्रेताबद्दल विचारलं होतं. मावशीने वाटेबद्दल विचारलं.

बंद वाटेला कशा गेलात, या प्रश्नावर औषधवाल्या बाई म्हणाल्या, की कुत्रं पुढे धावलं म्हणून मागे जावं लागलं. एरवी गेल्या नसत्या, वाटेच्या तोंडाशी दगड मांडलेले होते ना. चांगली ओळ होती, आडवी, या कडेपासून त्या कडेपर्यंत, एकाला एक भिडवून. त्या ओलांडून गेल्या, खाली बघितलं, आणि फोन केला. मग स्ट्रेचरवाल्यांच्या पायात येतील म्हणून तेच दगड त्यांनी पायाने बाजूला सारले. माणसं यायच्या आत.

“म्हणजे ते दगड तुमच्याशिवाय कोणी पाहिलेच नाहीत?” मावशीने विचारलं.

“कोण बघणार? आणि मला कोणी विचारलंही नाही.”

मावशी दुकानासमोरच्या बाकावर जाऊन बसली. येणारी-जाणारी माणसं तिला दिसत नव्हती. पट्टा म्हणतो, या. दगड म्हणतात, येऊ नका. एकाच वाटेवर, एकाच वेळी दोन्ही. साहेबांसारखा चामडी बूट घालून आलेला माणूस दगडांची ओळ ओलांडून एकटा पुढे जाणार नाही. म्हणजे ते पडले तेव्हा ओळ नव्हती. ती नंतर मांडली. आणि चुकून पट्टे काढणाऱ्याला ती वाट बरोबरच वाटत असते, तो ती बंद कशाला करेल.

हे दगड कोणासाठी, हे तिला तिथे बसल्या बसल्या कळलं. पट्टे कोणासाठी, हेही कळलं. संध्याकाळी सगळ्यांना मंडळाच्या खोलीत बोलवा, असा तिने चिटणीसांना निरोप धाडला.

६

खोलीत रंगाचा आणि टर्पेंटाइनचा वास होता. तिघे लाकडी बाकांवर बसले. तपास करणारे फौजदार मावशीच्या विनंतीवरून दाराशी उभे होते, चेहऱ्यावर कंटाळा. भाचीला तिने मुद्दाम आणलं नव्हतं.

मावशीने फार घोळ घातला नाही. एक वाईट बातमी कळलीय, म्हणाली. रविवारी औषधवाल्या बाईंच्याही आधी एक आई मुलांना घेऊन टेकडीवर गेली होती. खाणीकडची वाट उघडीच होती. पट्टे बघून ती मुलांसह तिकडे वळली, आणि धाकट्याचा पाय कड्यावरून घसरला. जगेल की नाही सांगता येत नाही.

तिने हे धडधडीत खोटं सांगितलं होतं.

सरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बूटवाल्या बाईंनी कोणत्या हॉस्पिटलात ठेवलंय असं विचारलं आणि त्यांचा आवाज फुटला.

“नाही,” डॉक्टर म्हणाले. ते उभे राहिले होते. “हे शक्य नाही. वाट बंद केलेली होती. मुलं तिकडे जाऊच शकत नाहीत.”

“कशाने बंद केली होती, डॉक्टर? फांदी तर खाली झुडपात पडलीय.”

कुठे पाय पडला ते डॉक्टरांना कळलं होतं.

“दगडांची ओळ होती,” मावशी म्हणाली. “ती औषधवाल्या बाईंनी पाहिली आणि कोणी यायच्या आत मोडली. त्यांच्याखेरीज फक्त मांडणाऱ्यालाच ती माहीत असणार. कोणाचं मूलबीळ पडलेलं नाही. खाली बसा.”

डॉक्टर बसले. सरांनी तोंडावरचे हात काढले. फौजदारांचा कंटाळा कुठल्या कुठे पळाला होता.

मावशीने मग सगळं ओळीने उलगडलं. साहेबांना चालायची सवय नव्हती. ते बंद वाटेने आडबाजूच्या खाणीवर आपणहून गेले नाहीत, कोणीतरी ओळखीचं घेऊन गेलं. ते पडल्यावर हाच प्रश्न आधी उठला असता, की त्यांना तिथे कोणी नेलं. त्याला उत्तर म्हणून फांदी फेकली आणि पट्टे काढले. म्हणजे पट्टे साहेबांसाठी नव्हतेच, ते आपल्यासाठी होते. मग करणारा निघाला, आणि निघता निघता त्याचा पाय अडखळला. उद्या रविवार, पट्टे बघून कोणीही येईल. जन्मभर वाटा राखणाऱ्या माणसाला असा सापळा उघडा टाकून घरी जाता येत नाही. त्याने वाट पुन्हा बंद केली. रंग पुरवत असूनही बाईंना पट्टा कसा काढतात ठाऊक नाही. सर आणि भाची वाट बंद करताना फांदी टाकतात, आणि तिथे वाळक्या फांद्यांचा तोटा नव्हता. दगड मांडतो तो फांदीचा नियम यायच्याही आधीपासून वाटा राखणारा माणूस, ज्याच्या हाताला जुनी सवय आहे. तशी ओळ तिने त्याच्या अंगणात ओल्या सिमेंटपुढे पाहिली होती.

“माझ्या भाचीवरही मी संशय घेतला,” ती म्हणाली. “पण पट्ट्यांनी फास बसणार होता तो एकट्या तिलाच. खुनी असती तर तिने स्वतःच्या हाताने तो गळ्यात घातला नसता.”

डॉक्टर हळू आवाजात बोलायला लागले. शनिवारी दवाखाना बंद करून ते पट्टे तपासायला वर गेले होते, रंग पिशवीत होता. साहेब माथ्याच्या वाटेवर भेटले. रस्ता इथूनच जाणार, म्हणाले. ती वाट डॉक्टरांनी आणि त्यांच्या बायकोने तरुणपणी कुदळीने काढलेली होती, शहर एवढं वाढायच्या आधी. चला, टेकडी आतून किती पोखरलेली आहे ते दाखवतो, म्हणून त्यांनी साहेबांना खाणीवर नेलं. साहेब खाली बघून हसले. हे तर भरून टाकू, म्हणाले. डॉक्टरांनी त्यांच्या छातीवर हात मारला. एकदाच.

“उजाडताच जाऊन दगड काढून मीच पोलिसांना बोलावणार होतो,” ते म्हणाले. “त्या सकाळी पाय उचलेनात. वाट उघडी कशी ठेवणार होतो, ताई? मुलं येतात तिथे.”

“आणि पोर? ती तुम्हाला काका म्हणते.”

“मला वाटलं, तिला फार तर ओरडा बसेल.”

“आज दुपारी ती कबुली द्यायला निघाली होती,” मावशी म्हणाली. तिचा आवाज कधी नव्हे तो चढला. “तुम्ही फोन केलात म्हणून. नाव-गाव माहीत नसलेल्या लोकांच्या मुलांसाठी तुम्ही अंधारायच्या आत वाकून दगड मांडलेत, डॉक्टर. तिच्यापुढे एकसुद्धा मांडला नाहीत.”

फौजदारांनी डॉक्टरांच्या दंडाला धरलं, आणि ते निमूट उठले.

७

भाची गॅलरीत बसली होती. मावशीने तिच्या शेजारी बैठक मारली आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. डॉक्टरांचं नाव आलं तेव्हा भाचीने मान हलवली, नाही नाही म्हणत. मावशी थांबली नाही. थांबली असती तर पुन्हा सुरुवात करायचा धीर तिला झाला नसता.

“मला ब्रश धरायला काकांनीच शिकवलं,” भाची म्हणाली. “दुपारी फोनवर म्हणाले, मी आहे तुझ्या पाठीशी.”

“हो.”

“आणि तो मोठा दगड? मला दिसत होतं गं. मी ब्रश टेकवतेय, रंग लागतोय.”

“ते तुझं नव्हतं. सगळ्यांनी मिळून तुझ्या डोक्यात घातलं होतं. तू त्या वाटेला गेलीच नव्हतीस. फाट्यापर्यंत आलीस, डावीकडे वळलीस आणि माथ्यावर गेलीस. धुक्यात, अंगात ताप असताना.”

भाची रडायला लागली. दोन दिवस तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. मावशीने तिला जवळ घेतलं. कोणाच्या पाठीवरून हात फिरवायची तिला फारशी सवय नव्हती, त्यामुळे ती नुसतंच थोपटत राहिली. बऱ्याच वेळाने भाचीने तोंड वर केलं.

“म्हणजे माझी एकही खूण चुकली नव्हती?”

“एकही नाही.”

“पुन्हा सांग.”

मावशीने पुन्हा सांगितलं.